दुप्पट मासा आणि आमच्या लॉबीतला टीव्ही

करी रोड, बुधवार

तीर्थस्वरूप शामराव भावोजी यांस,

धोंडूचा वाकून नमस्कार. (साष्टांग मुद्दाम लिहीत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरने मला जमिनीवर बसायलाही मनाई केली आहे, आणि जे प्रत्यक्ष करता येत नाही ते कागदावर करून दाखवायची मला सवय नाही. ती सवय आपल्या घरातल्या दुसऱ्या एका माणसाला आहे. त्याच्याकडे येतोच.)

आपला दमा कसा आहे? अक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता तिला पडवीत बसून फाटकातला माणूस ओळखू येतो असं कळलं, फार बरं वाटलं. काजू यंदा कसा धरलाय, माकडांचा काही बंदोबस्त झाला का, पडवीवरची कौलं परतून घेतलीत का, तेही कळवा. पत्र कशाला, फोन का नाही, असं आपण विचाराल. फोनवर माझा आवाज चढला की अक्का रडायला लागते आणि आपण "हॅलो, हॅलो, काही ऐकू येत नाही" म्हणून ठेवून देता. (ऐकू येत असतं. मला माहीत आहे.) पत्राचं तसं नाही. मध्येच बाजूला ठेवलंत तरी ते पुन्हा उचलल्यावर तिथूनच सुरू होतं.

इकडची खुशाली मात्र विचारू नका. इकडे खुशाली नाही आणि त्याला कारण आपले चिरंजीव हितेंद्र आहेत.

हितेंद्र शिकला, हुशार निघाला, लोअर परळच्या एका ऑफिसात लागला, तेव्हा आपण मला म्हणाला होतात की पोराला दोन-चार महिने मामाकडे राहू दे, मग तो आपली सोय बघेल. ते दोन-चार महिने आता तिसऱ्या वर्षात आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. (आमच्या सौ. सुचित्राने हे वाक्य वाचून, खरोखरच नाही असं पुन्हा लिहायला लावलं आहे. लिहिलं.) माझी तक्रार त्याच्या धंद्याबद्दल आहे. तो डॅशबोर्ड करतो. डॅशबोर्ड म्हणजे टॅक्सीत जिथे देवाची मूर्ती चिकटवतात ती जागा, अशी माझी आजवर समजूत होती. तसं नाही. कुठे काय काय घडतं त्याचे आकडे गोळा करायचे, त्यांचे रंगीत दांडे, गोल आणि नागमोडी रेघा करायच्या, आणि ते सगळं एका पडद्यावर असं मांडायचं की साहेबाने एक नजर टाकली की त्याला सगळं कळावं. मी जन्म विमा कंपनीत काढला. आमच्याकडे साहेबाला काही कळावं अशी कुणाची इच्छाच नसे, त्यामुळे असलं खातंही नव्हतं.

आमची चाळ पाडून दोन टॉवर झाले ते आपण वास्तुशांतीला आलात तेव्हा पाहिलंतच. ए विंगमध्ये आम्ही चाळीतले जुने, बी विंगमध्ये विकत घेऊन आलेले नवे. फाटक एक, सोसायटी एक, सेक्रेटरी एक. सेक्रेटरी म्हणजे बी विंगमधल्या वैदेही मॅडम. बाई वाईट नाहीत, कामसू आहेत, पण त्यांना पुराव्याचं वेड आहे. आज छान दिसताय म्हटलं तरी कशावरून म्हणता असं विचारतील. आपले चिरंजीव काय काम करतात हे त्यांना लिफ्टमध्ये कळलं (लिफ्टमध्ये कुणाशी बोलू नकोस हे मी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं) आणि सोसायटीकडे येणाऱ्या तक्रारींचा एक डॅशबोर्ड करून द्यायचं त्याने कबूल करून टाकलं. फुकटात. घरातला दिवा बदलायला ह्याला तीनदा सांगावं लागतं. तो डॅशबोर्ड लॉबीतल्या मोठ्या टीव्हीवर लागला. हा टीव्ही आम्ही ए विंगवाल्यांनी क्रिकेट बघण्यासाठी भांडून बसवून घेतला होता. आता तिथे क्रिकेट बंद आणि दिवसभर आमच्याच तक्रारी चालू.

पहिल्या दिवशी मी चष्मा पुसून त्याच्यापुढे उभा राहिलो. वर मोटारीत असतं तसं एक अर्धगोल घड्याळ, त्यात एक काटा, तो काटा कशाच्या तरी मध्यावर थरथरतोय. कशाच्या, ते लिहिलेलं नाही. खाली एक गोल, तोही सरळ नाही, तिरपा पाडलेला, कापायला ठेवलेल्या केकसारखा जाडजूड. त्याचे बारा तुकडे, बारा रंगांचे, आणि कुठला रंग कशाचा त्याची यादी पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे जांभळा तुकडा बघायचा, मान वळवून यादीत जांभळा शोधायचा, तिथे दोन जांभळे निघतात, म्हणून परत तुकड्याकडे यायचं, तोवर चित्र बदललेलं असतं. माझ्या मानेचा पट्टा नुकताच निघाला होता. शेजारी एक तक्ता. त्यात लिहिलेलं, दर घरामागे तक्रारी दोन पूर्णांक सदतीस शतांश. भावोजी, ही सदतीस शतांश तक्रार कोण करतं? आमच्या इमारतीत अर्धवट तक्रार करणारा एकही माणूस नाही. सगळे पूर्ण करतात. मी हितेंद्रला विचारलं, की बाबा रे, हे बघून माणसाने नक्की करायचं काय? तर म्हणाला, "मामा, मॅडमना सगळं एकाच स्क्रीनवर हवं होतं." सगळं एकाच ताटात ओतलं म्हणजे जेवण होत नाही, एवढं तरी अक्काने ह्याला शिकवायला हवं होतं.

पण हेही मी गिळलं असतं. गिळता आला नाही तो रंग. ज्या विंगच्या तक्रारी सरासरीपेक्षा जास्त, तिच्या नावापुढे लाल ठिपका, आणि कमी असतील तर हिरवा. ए विंग लाल, बी विंग हिरवी. खाली अर्थ लिहिलेला नाही, कारण म्हणे लाल-हिरव्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. कळतो ना! बिस्किटाच्या पुड्यावर काय असतं? मसाल्याच्या पाकिटावर काय असतं? हिरवा ठिपका शाकाहारी, लाल ठिपका मांसाहारी. सकाळी दूध आणायला खाली उतरलेल्या एकूण एक माणसाने ते तसंच वाचलं. आमच्या मजल्यावरच्या सीमाताई, गळ्यात माळ, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य, त्या टीव्हीपुढे उभ्या राहून थरथरायला लागल्या. उभ्या जन्मात अंड्याला हात लावला नाही आणि सोसायटीने आपल्याला भिंतीवर चढवलं, असं त्यांनी सगळ्या जिन्याला ऐकवलं. उलट बी विंगमधला हर्बर्ट डिमेलो, मूळचा गिरगावातला, ज्याच्या घरून रविवारी वास सुटला की मी मुद्दाम खिडकीत खुर्ची घेऊन बसतो, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "धोंडू, मी काय पाप केला रे? मला हिरव्यात कशाला टाकला?"

त्याच आठवड्यात सोसायटीचं स्नेहसंमेलन होतं. जेवण पाकिटांतून घरपोच, दोन तऱ्हेचं, एकात कोंबडी-वडे आणि एकात पनीर. कुठल्या घरी काय द्यायचं हे दारोदार विचारत बसण्यापेक्षा केटररच्या माणसांनी लॉबीतला टीव्ही पाहिला. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? सगळ्या ए विंगला कोंबडी, सगळ्या बी विंगला पनीर. सीमाताईंनी पाकीट उघडलं. पुढचं मी लिहीत नाही, अक्का हे पत्र वाचणार आहे. हर्बर्टने पनीर आमच्याकडे आणून दिलं आणि आमची कोंबडी नेली. एवढं झाल्यावर आपल्या चिरंजीवांनी ठिपक्यांखाली त्यांचा अर्थ टाकला, तोही तिळाएवढ्या अक्षरांत, पांढऱ्यावर फिकट राखाडी. तो वाचायला लॉबीत स्टूल ठेवावं लागलं. (ते स्टूल लक्षात ठेवा, नाहीतर पुढे मी टीव्हीजवळ कसा पोचलो ते कळणार नाही.)

आता मूळ गोष्ट. शेवंती. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी आपण ज्या सुरमईची तारीफ करत होतात ती हिच्या टोपलीतली. माहीमच्या कोळीवाड्यातली बाई. चाळ होती तेव्हा हिची आई आणि मग ही, टोपली घेऊन आमच्या गॅलऱ्यांतून फिरायच्या. टॉवर झाला तेव्हा बिल्डरच्या नकाशात पोहण्याचा तलाव होता, शेवंती नव्हती. आम्ही जुन्या लोकांनी आकांडतांडव करून फाटकाच्या आत, पंपाच्या खोलीशेजारी, नळाजवळ तिला बसायला एक कोपरा मिळवून दिला. बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मंगळवारी अर्ध्या इमारतीला गणपतीचा उपास, म्हणून त्या वारी ती येत नाही. त्या कोपऱ्यावर तिचं घर चालतं आणि आमचं जेवण.

महिन्याभरापूर्वी टीव्हीवर नवीन चित्र आलं. वर मथळा, वासाच्या तक्रारी. खाली दोन दांडे. ए विंगचा लाल, पार वर टेकलेला. बी विंगचा हिरवा, उंबरठ्याएवढा. वैदेही मॅडमना हवा तो पुरावा मिळाला. वासाचा त्रास ए विंगला जास्त, ए विंगच्या बाजूला मासेवाली बसते, तेव्हा मासेवाली फाटकाबाहेर. रविवारच्या सभेत तसा ठराव आणणार म्हणून नोटीस लागली. फाटकाबाहेर म्हणजे कुठे ते आपण पाहिलंय. पुलाखालचा रस्ता, पाणी नाही, सावली नाही, आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की टोपलीसकट सगळं जातं. मी शेवंतीला नोटीस वाचून दाखवली तेव्हा ती कोयता पुसत एवढंच म्हणाली, "भायेर बसवलं तर मी नाय येवाची." भांडली नाही. शेवंती आणि भांडत नाही, हे मी आजवर पाहिलेलं नाही.

मी वर आलो, सुचित्राच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली, खाली गेलो आणि स्टुलावर चढलो. (गुडघा दुखत असताना.) टीव्हीवरचे दोन्ही दांडे मोजले. लाल दांडा हिरव्याच्या बरोबर चौपट. मग डोळे काचेला लावून खालचे आकडे वाचले. ए विंग शेहेचाळीस तक्रारी, बी विंग त्रेचाळीस. भावोजी, शेहेचाळीस आणि त्रेचाळीस! आणि दांडे चार मुठी आणि एक मूठ! पाच मिनिटं मला वाटलं टेप खराब आहे. मग दिसलं की दांड्यांचा पाया शून्यावर नाहीच. पाया बेचाळीसवर. म्हणजे बेचाळीस मजले जमिनीखाली पुरायचे, वरचे तेवढे दाखवायचे, आणि म्हणायचं की बघा, ही इमारत तिच्या चौपट उंच. माझ्या घरात राहून, माझ्याच ताटातला शेवंतीचा बांगडा खाऊन, ह्या पोराने त्या बाईच्या मुळावर यावं? माझं डोकं इतकं तापलं की वॉचमनने मला हात धरून उतरवलं.

मी हितेंद्रला हे सांगितलं का? नाही. चोराकडेच जाऊन चोरीची फिर्याद कोण देतं? चित्राला चित्रानेच उत्तर द्यायचं ठरवलं. शेवंतीच्या सांगण्याप्रमाणे गेल्या वर्षी तिच्याकडून मासे घेणारी वीस घरं होती. यंदाची मी स्वतः दारोदार फिरून मोजली. चाळीस भरली. त्यात बी विंगची कितीतरी. काही जण उघड घेतात, काही जण गाड्यांच्या तळघरातून घेतात, आणि एक गृहस्थ मांजरासाठी घेतात. महागातला सरंगा घेतात. मांजर पाळलेलं नाही. हे सगळं सभेपुढे मांडायला दांडे-बिंडे मला पटेनात. विषय माशाचा, तर चित्र माशाचं. दोन जुनी कॅलेंडरं पाठीमागून चिकटवून त्यावर मी दोन सरंगे काढले. गेल्या वर्षीचा लहान, यंदाचा दुप्पट. गणपतीच्या आराशीतला चंदेरी रंग उरला होता तो लावला, कल्ल्याजवळ गुलाबी छटा दिली. सुचित्रा म्हणाली मोठ्या माशाचा डोळा वैदेही मॅडमसारखा झालाय. ते मुद्दाम नव्हतं.

सभा हॉलमध्ये भरली. लॅपटॉपजवळ आपले चिरंजीव, कमिटीने बसवलेले. वैदेही मॅडमनी ते दोन दांडे दाखवले आणि ठराव वाचला. मागे दाराशी शेवंती उभी होती, टोपली बाहेर ठेवून. मग मी उठलो. एक टोक हर्बर्टच्या हातात दिलं आणि कॅलेंडर उलगडलं. भावोजी, आपण तिथे असायला हवं होतात. ए विंगने बाकं वाजवली. मी म्हणालो, लोकहो, बघा, लोकांना ही बाई किती हवी आहे आणि वर्षभरात किती जास्त हवी झाली आहे! तेवढ्यात वैदेही मॅडमना आपलं वेड आठवलं. त्यांनी हितेंद्रला विचारलं, की हे चित्र प्रमाणात आहे का?

त्याने मान खाली घालायची होती. प्रमाण-बिमाण नंतर बघू, एवढं म्हणायचं होतं. त्याने माझ्या माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि भर सभेत म्हणाला, "नाही. मामांनी मासा दुप्पट लांब केला तसा दुप्पट उंचही केला. घरं दुप्पट झालीत, पण मासा चौपट दिसतोय."

भावोजी, मासा काय नुसता लांबीने वाढतो? आपला जन्म खाडीकाठी गेला, आपण सांगा. लहान सरंगा मोठा झाला तर तो लांबही होतो आणि रुंदही होतो. नुसता लांब वाढला तर तो सरंगा राहील का? त्याची पट्टीसारखी वाकटी होईल! हे मी ठणकावून सांगितलं आणि सगळा हॉल हसायला लागला. मला वाटलं माझ्या बाजूने हसताहेत. मग पाहिलं तर हर्बर्टने हसून हसून आपलं टोक सोडलेलं आणि माझा मोठा सरंगा अर्धा जमिनीवर लोळत होता.

मी ओरडलो, आणि तुझा दांडा? तो बेचाळीसवरून का सुरू होतो? तेव्हा त्याने पडद्याकडे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. सॉफ्टवेअर आपोआप तिथून सुरू करतं आणि ते आपण तपासलंच नाही, चूक माझी आहे, असं त्याने त्याच आवाजात सांगितलं. वर म्हणाला, "मामांची बाजू खरी आहे. चित्र खोटं आहे. माझंही खोटं आहे." आणि सगळी सभा ताटकळत ठेवून तिथेच कामाला बसला. आधी दांडे शून्यावरून उभे केले. दोन्ही जवळजवळ सारखे झाले, बघण्यासारखं काही उरलंच नाही. मग त्याच तक्रारी त्याने वारांप्रमाणे मांडल्या. सात दांडे, पाच राखाडी आणि दोन काळे. ना घड्याळ, ना केक, ना ठिपके. वर एक साधं वाक्य मोठ्या अक्षरांत: वासाच्या तक्रारी सर्वात जास्त सोमवारी आणि गुरुवारी. बस.

 मग सीमाताई, ज्यांचा माशाशी दुरूनही संबंध नाही, त्याच मोठ्याने म्हणाल्या, "सोमवार-गुरुवार? त्या दिवशी तर शेवंती येतच नाही!" मग येतं काय त्या दिवशी? पंपाच्या खोलीमागे ओल्या कचऱ्याची खताची टाकी आहे, ती उघडतात. सोमवारी आणि गुरुवारी. ती टाकी वैदेही मॅडमची लाडकी, त्यांनीच बसवून घेतलेली, तिच्यापुढे उभ्या राहून काढलेला त्यांचा फोटो ऑफिसात लावलाय. पण बाई पुराव्याला जागली. दोन्ही काळ्या दांड्यांकडे नीट बघून तिने ठराव मागे घेतला. शेवंतीचा कोपरा पुढच्या सभेपर्यंत जागच्या जागी राहिला. लोक हितेंद्रच्या पाठीवर थाप मारायला लागले. झोपलेली माणसंसुद्धा जागी होऊन, आता कळलं, म्हणत होती.

आणि माझा मासा? तो कुणी उचललासुद्धा नाही. महिनाभर मी चिडलो, गुडघा मोडत चाळीस दारं मी वाजवली, टेप मी लावली, बेचाळीस मी शोधून काढलं, आणि शेवंती वाचली कुणामुळे? ह्याच्या राखाडी दांड्यांमुळे! ती वाचली ह्याचा मला आनंद आहे, पण तो आनंद मला घेऊ दिला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण दातांनी निदान सभेत तरी चावू नये. मला खोटं म्हणाला, भावोजी. चाळीतल्या माणसांपुढे. ज्यांच्या घरचे विम्याचे कागद जन्मभर मी भरून दिले त्यांच्यापुढे. तेव्हा मीही सगळ्यांदेखत सांगितलं, की माझ्या घरात राहून मलाच खोटं पाडणार असशील तर दुसरं घर बघ. कोण चुकीचं म्हणेल मला? सुचित्रा म्हणते, पण तिचं सोडा.

तरी आपण वडील ह्या नात्याने चिरंजीवांना कडक समज द्यावी ही विनंती. मोठ्यांच्या चित्रात चूक असली तरी ती घरी आल्यावर सांगावी, एवढं त्याला कळलं पाहिजे. अक्काला नमस्कार. थेंब वेळेवर घाल म्हणावं आणि हे पत्र वाचून डोळे चोळू नकोस म्हणावं. आपल्या घरी आशीर्वाद द्यायला लहान कुणी उरलेलं नाही, तेव्हा तो बोक्याला द्यावा.

आपला, अजूनही तापलेला,
धोंडू

ता. क. पत्र बंद करताना सुचित्रा म्हणाली की मुख्य बातमी लिहिलीच नाही. हितेंद्र सोमवारी सकाळी बॅग घेऊन गेला. कॉटन ग्रीनला कुणा मित्राच्या खोलीवर आहे. जाताना पाया पडला, तेव्हा मी पेपर वाचत होतो. दुसरं घर बघ हे मी रागात म्हणालो होतो, हे अक्काच्या मुलाला कळू नये? अक्का लहानपणापासून माझं असलं बोलणं ऐकत आली, ती कधी बॅग भरून गेली होती का? सुचित्रा अजून तीन ताटं घेते आणि मग एक परत ठेवते. मला ते बघवत नाही. तेव्हा समज देण्याचं आता राहू द्या. त्याला फोन करा आणि घरी जा म्हणून सांगा. आपण होऊन करताय असं दाखवा. आपल्याला फोनवर तेवढं जमतं हे मला माहीत आहे.

ता. क. आज बुधवार, म्हणून सकाळी पिशवी घेऊन खाली उतरलो. शेवंतीच्या टोपलीत दोन सरंगे होते, नुसते चमकत होते. मला बघून तिने त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, "आदी पोराला घरान आन, मंगशी म्हावरा माग." ज्या कोपऱ्यासाठी मी स्टुलावर चढलो, त्याच कोपऱ्यात बसून! दोन्ही सरंगे माझ्यादेखत मांजरवाल्या गृहस्थांना दिले. आमच्याकडे आज दोडका आहे.

ता. क. (हे सुचित्राला दाखवलेलं नाही.) वैदेही मॅडमनी काल बोलावलं होतं. शेवंतीचा कोपरा पुढच्या सभेत कायमचा करून टाकू म्हणतात, पण लोकांना ती किती हवी आहे ह्याचा खरा तक्ता द्या म्हणाल्या. चित्र माशाचंच चालेल, पण बरोबर हवं. मी बसून बघितलं. लांबी दुप्पट करून उंची तेवढीच ठेवली, तर खरोखर वाकटीच झाली. मग सुचलं की मोठा मासा काढायचाच नाही. एका घराला एक लहान मासा, सगळे एका मापाचे. गेल्या वर्षी वीस, यंदा चाळीस, खालीवर रांगेत मांडायचे, म्हणजे कुणाला काही विचारावंच लागणार नाही. हितेंद्रने गेल्या दिवाळीत स्वतःचं काम समजावताना मला हेच सांगितलं होतं की काय, असं आता वाटतंय, पण तेव्हा मी ऐकत नव्हतो. काल दुपारपासून काढतोय. सात झालेत, सातही वेगवेगळ्या मापाचे. हात थरथरतो हल्ली. त्याला म्हणावं, पुढच्या सभेच्या आत ये. शेपट्या त्याला चांगल्या जमतात.